पहिली भिक्षा

“…आणि मग त्या उंदराचं काय होतं?”

केशवपुरी महाराजांनी मध्येच विचारलं.

उन्मेष देवस्थळी बोलता बोलता थांबला. सकाळपासून तो मठाच्या ओसरीवर बसून आपल्या कामाबद्दल सांगत होता. उंदीर त्यात पुष्कळ वेळा आला होता. त्याचं पुढे काय होतं, ते मात्र आलं नव्हतं.

“त्याला मारतात,” तो म्हणाला. “दुखत नाही. आधी भूल देतात.”

“कशासाठी?”

“मेंदूत घातलेली तार नेमकी कुठे टेकली होती, ते बघावं लागतं. मेंदू बाहेर काढून त्याचे काप करतात.”

“काप…”

महाराजांनी धुनीतलं लाकूड आत सरकवलं आणि हात झटकले.

घाटमाथ्यावरचा हा मठ गोसाव्यांचा. मोठा नाही. एक समाधी, एक धुनी, पत्र्याची ओसरी आणि मागे पाण्याचं टाकं. महाराज सत्तरीच्या पुढचे, वाळलेल्या काटकीसारखे. त्यांच्याकडे येणारे लोक गुरं हरवली, पोरगी नांदत नाही, असलं काही घेऊन येत. डोळ्याला चष्मा, पाठीला महागडी पिशवी आणि वाढलेली दाढी घेऊन आलेला हा माणूस वेगळा होता. तो दीक्षा मागायला आला होता.

महाराजांनी त्याला विचारलं होतं, सोडायचं आहे म्हणतोस, तर काय सोडायचं आहे ते तरी सांग.

मग त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज हळूहळू चढत गेला होता. व्याख्यानं देऊन सवयच तशी झाली होती.

उंदीर चक्रव्यूहात सोडला, की त्याच्या मेंदूतली एक पेशी दारापाशी बोलते, दुसरी कोपऱ्यात बोलते, तिसरी खाऊच्या वाटीपाशी. सगळ्या मिळून नकाशा तयार होतो. उंदीर झोपला तरी त्या पेशी ओळीने बोलतात, म्हणजे तो झोपेतही त्याच वाटेने चालत असतो. उन्मेषने यात नाव कमावलं होतं. परदेशात शिकून तो पुण्यात परतला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या एका खोलीत उंदीर होते. दुसऱ्या खोलीत यंत्रं होती. उंदराकडून आणि वाळवंटातल्या मुंगीकडून जे कळेल, ते यंत्राला शिकवायचं. मुंगी कितीही वेडीवाकडी भटकली तरी घरी सरळ रेषेत येते. त्याचं यंत्रही तसं येई. अंधारात, धुळीत, कुणाची मदत न घेता.

“म्हणजे उंदराला मारलंस आणि त्याचं घर यंत्राला दिलंस,” महाराज म्हणाले.

उन्मेष हसला. सभेत कुणी बरा प्रश्न विचारला की हसतात तसा.

“तसं म्हणता येईल.”

“मग चांगलंच चाललंय की. दीक्षा कशाला? उंदरांचा कंटाळा आला?”

“नाही.”

“बायको सोडून गेली?”

“लग्नच केलं नाही, महाराज.”

“शहाणा आहेस. मग?”

खालच्या दरीतून वारा वर आला, धुनीची राख थोडी उडाली आणि उन्मेषच्या पँटवर बसली. ती झटकायला त्याने हात उचलला, पण झटकली नाही.

“बोगदा,” तो म्हणाला.

महाराज थांबले. त्या भागात बोगदा म्हटलं, की कोणता ते सांगावं लागत नसे.

घाटाच्या पोटातून पाणी नेण्यासाठी बोगदा खोदत होते. गेल्या थंडीत आतला डोंगर खचला. खालच्या धनगरवाडीतली दोन माणसं पलीकडे अडकली. एक दगडू झोरे, दुसरा बाबू कोकरे. ढिगाऱ्यात फटी होत्या, पण माणूस जाईल एवढी एकही नाही. धूळ इतकी, की कॅमेरा आंधळा. तेव्हा कुणाला तरी उन्मेषच्या यंत्राची आठवण झाली.

ते यंत्र मांजराएवढं. त्याला डोळे नव्हते, मिशा होत्या. उंदरासारख्या. मिशांनी चाचपत ते वाट काढी आणि जाईल तिथला नकाशा काढून परत येई. पाठीवर एक लाल दिवा होता, तो फक्त बाहेरच्या माणसांना ते दिसावं म्हणून.

उन्मेष स्वतः ते घेऊन आला. तोंडाला फडकं, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर शिरस्त्राण घालून तो बोगद्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने यंत्र आत सोडलं. आयुष्यभराचं काम त्या फटीत शिरताना त्याने पाहिलं.

ते परत आलं.

बाहेर टाळ्या पडल्या. उन्मेषने धुळीने भरलेलं ते यंत्र छातीशी धरलं. मग नकाशा उघडला. वाट दोन वळणं घेऊन आत जात होती आणि तिथे संपत होती. बोगद्याच्या कामावरच्या साहेबांनी विचारलं, पुढे काय आहे? उन्मेषने नकाशावर बोट ठेवलं. भिंत, तो म्हणाला. समोर भिंत, दोन्ही अंगांना भिंत. वाट बंद आहे.

मग या बाजूचं खोदकाम थांबलं. यंत्रसामग्री डोंगराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेली गेली. तिकडून आत पोचायला पुष्कळ दिवस लागले. दगडू मेलेला सापडला. बाबूच्या अंगात धुगधुगी होती.

“डोंगर खचला, त्यात तुझा काय दोष?” महाराज म्हणाले.

“बाबूला दवाखान्यात नेलं होतं. मी भेटायला गेलो. यंत्र बनवणारा मीच, हे त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने मला जवळ बोलावलं.”

उन्मेषने चष्मा काढला आणि हातात धरला. बाबूचे शब्द त्याने बाबूच्याच बोलीत सांगितले. बहुतेक ते त्याला दुसऱ्या कशात सांगताच येत नव्हते.

“तो म्हणाला, सायेब, तुमचं जनावर आलं व्हतं आमच्यापातूर. लाल दिवा दिसला. आमी दोघं खांद्याला खांदा लावून त्या सापटीत बसल्यालो. दगडूनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हनला, आली मानसं. मंग ते फिरलं आन् गेलं. आमी धरलं न्हाई. दगडू म्हनला, जाऊ दे, निरोप घिऊन चाललंय.”

…

“भिंत नव्हती,” उन्मेष म्हणाला. “ती दोघं होती.”

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“माझ्या चक्रव्यूहात कधी कुणी नसतं, महाराज. उंदीर एकटा सोडतात. दुसरा कुणी आत असेल तर नकाशा बिघडतो, म्हणून आत कुणी असू द्यायचंच नाही, हा आमचा पहिला धडा. यंत्रही मी रिकाम्या चक्रव्यूहात शिकवलं. त्याला वाट माहीत होती आणि भिंत माहीत होती. तिसरं काही असतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.”

“बाबू आता काय म्हणतो?”

“तो त्याच आठवड्यात गेला.”

“म्हणजे हे तुला एकट्याला माहीत.”

“हो.”

दवाखान्यातून येऊन त्याने मिशांच्या नोंदी पुन्हा तपासल्या होत्या. शेवटच्या भिंतीपाशी मिशा दाबल्या गेल्या तेव्हा भिंत जराशी मागे सरकली होती. दगड सरकत नाही. पहिल्याच दिवशी नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण पहिल्या दिवशी यंत्र परत आलं होतं, एवढंच त्याने पाहिलं.

चौकशी झाली. वाट बंद होती, असं ठरलं. यंत्राचं कौतुक झालं. आणखी तशी यंत्रं बनवायला त्याला सांगितलं गेलं. त्याने बनवायला घेतलीही. मग एके दिवशी उंदराच्या मेंदूचा काप काचेखाली ठेवताना त्याचे हात कापायला लागले, आणि ते थांबेनात.

“आणि आता तुला भगवं हवंय.”

“मला तिथून बाहेर पडायचंय, महाराज.”

“सगळं सांगून झालं?”

उन्मेषने पँटवरची राख आता झटकली.

महाराज उठले, टाक्यावर जाऊन पाणी प्यायले, परत येऊन बसले. घाई कसलीच नव्हती.

“दगडूची बायको होती,” उन्मेष शेवटी म्हणाला.

ठकूबाई तिचं नाव. पहिल्या दिवसापासून ती बोगद्याच्या तोंडाशी बसून होती. आत हवा नेणारा लोखंडी पाईप बाहेर येत होता. त्याला ती कान लावून बसे. ती म्हणायची, तो जिवंत आहे, तो पाईप ठोकतोय. गजानृत्यात, आम्हा धनगरांच्या नाचात, दगडू ढोल वाजवायचा, तोच ठेका आहे. मला कळावं म्हणून तो तेच वाजवतोय.

दुसऱ्यांनीही कान लावून पाहिले. शेजारी पंप चालू होते. कुणाला काही ऐकू आलं नाही. यंत्र परत आल्यावर या बाजूचं काम थांबवायचं ठरलं, तशी ती यंत्रसामग्रीच्या वाटेत आडवी पडली. उठेचना.

साहेबांनी उन्मेषला बाजूला घेतलं. म्हणाले, तुम्ही मेंदूतले जाणकार. तुम्ही समजवा तिला.

“आणि तू समजावलंस.”

“हो. तिच्या शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बाई, मेंदू असं करतो. ज्याची फार वाट बघतो, ते त्याला गोंगाटातही ऐकू येतं. ओळखीचा ठेका तर लगेच. आवाज बाहेर नाही, तुमच्या डोक्यात आहे… हे शास्त्राला धरूनच आहे, महाराज. मी खोटं बोललो नव्हतो.”

“मग?”

“ती उठली. तिने विश्वास ठेवला.”

दरीत कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

“आणि बाबू?”

“बाबू म्हणाला, दगडूने मनगटं सुजेपर्यंत पाना पाईपवर मारला. गजाचा ठेका.”

महाराजांनी डोळे मिटले. उन्मेषला वाटलं, त्यांना झोप लागली.

“ती बाई कुठे असते आता?”

“वाडीतच. मी गेलो नाही कधी.”

महाराज आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक भगवी छाटी होती, जुनी, धुऊन धुऊन विटलेली, आणि एक झोळी होती. झोळीत त्यांनी धुनीतल्या राखेची पुडी टाकली. या मठात येणाऱ्याने दीक्षेआधी पहिली भिक्षा आणायची असते, ते म्हणाले. ती कुठल्या दारातून आणायची, ते गुरू सांगतो. त्याची भाकरी होते, पहिला घास गुरू घेतो, उरलेली शिष्य खातो. मग त्याला नवं नाव मिळतं.

“तू ठकूबाईच्या दारातून आण.”

उन्मेषने झोळी हातात घेतली.

“तिथे मी काय बोलू?”

“भिक्षेला गेलेला माणूस काय बोलतो?”

*

धनगरवाडी उतारावर होती. दहा-पंधरा घरं, कारवीच्या भिंती शेणाने लिंपलेल्या, दारात शेळ्यांचे गोठे. दुपार टळत आली होती. उन्मेष छाटी नेसून, चष्मा झोळीत टाकून, अनवाणी उतरला होता. तळपाय भाजत होते. ते त्याला बरं वाटत होतं.

घर दाखवलं ते शेजारणीने. ओट्यावर बसून ती गवताच्या पेंढ्या बांधत होती.

“तिच्याकडं काय मागता, म्हाराज?” ती म्हणाली. “तिचं डोस्कं फिरलंय. भिताडाला कान लावून बसती. तिच्या हातचं आमी पानी बी घेत न्हाई. माज्याकडं या, मी देते.”

उन्मेषने नकारार्थी मान हलवली आणि तो पुढे गेला.

“ओम नमो नारायण,” तो दारात उभा राहून म्हणाला. एवढंच शिकून आला होता.

ठकूबाई बाहेर आली. चाळिशीची असेल, पण कंबरेत वाकलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं. पण तिने त्याला ओळखलं नाही. त्या दिवशी फडक्यामागे आणि गॉगलमागे होता तो चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने भगवं पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“बसा म्हाराज, सावलीला बसा. पाय किती भाजलं तुमचं.”

तिने पाणी आणून त्याच्या पायांवर ओतलं. तो नको म्हणेपर्यंत ओतून झालं होतं. मग सूप भरून नाचणीचं पीठ आणलं आणि दोन्ही हातांनी झोळीत घातलं. घातल्यावर सूप उलटं करून सुपाच्या पाठीवर थापट्या मारल्या, चिकटलेलं पीठही जावं म्हणून. गरिबाच्या घरात तेवढं पीठ किती दिवस पुरतं, ते उन्मेषला माहीत नव्हतं. पण भांडं खरवडल्याचा आवाज त्याने ऐकला होता.

तो उठला. ती दारातच उभी राहिली. तिला काही विचारायचं होतं.

“म्हाराज, अंगारा हाय का तुमच्यापाशी?”

“कशाला?” त्याने विचारलं. आवाज बारीक करून.

“मला ठोकल्याचा आवाज येतो. मालक बोगद्यात गेलं, तवापासनं. आदी त्यो खराच वाटायचा. मी लई भांडले तिथं. पन एक मोठं डागदर आलं व्हतं, लई चांगला मानूस, माज्या पाठीवर हात ठिवून त्यांनी सांगितलं, बाई, ह्यो तुमच्या डोक्यातला आवाज हाय. खरा न्हाई. मंग मी उटले…”

ती थांबली. तिची बोटं दाराच्या चौकटीवर हळू वाजत होती. तिच्या लक्षातही नसावं. उन्मेषने त्या बोटांकडे पाहिलं. आधी सावकाश, मग झपाट्याने, मग एक दम घेऊन पुन्हा सावकाश. गजाचा ठेका त्याने याआधी कधी ऐकला नव्हता. आता ऐकला.

“डागदर म्हनलं ते बराबर,” ठकूबाई म्हणाली. “त्येंची चूक न्हाई. पन आवाज काय जाईना बगा. सासू म्हनती, माज्या लेकाला खाऊन येडी झाली. पोरीला त्येंनी त्येंच्याकडं ठिवून घेतलंय. येडीजवळ पोर कशी ठिवायची, म्हनत्यात. त्ये बी बराबर हाय. म्हनून म्हनलं, अंगारा असंल तर… आवाज गेला, की पोरीला आनीन.”

उन्मेषच्या तोंडात शब्द होते. अगदी ओठांपर्यंत आले होते. बाई, तो आवाज खरा होता. एवढेच.

ती हात पसरून उभी होती.

त्याने झोळीत हात घातला. पिठाच्या खाली पुडी होती. ती काढली, चिमूटभर राख तिच्या कपाळाला लावली आणि उरलेली पुडी तिच्या तळहातावर ठेवली.

तिने ती मुठीत धरली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

*

वर चढताना झोळी जड होती आणि उन्मेषला हलकं वाटत होतं. तो त्या दारात गेला होता, आणि परत आला होता.

महाराज चूल पेटवून बसले होते. त्याला पाहून त्यांनी काहीच विचारलं नाही. झोळी घेतली, त्यातला चष्मा बाजूला ठेवला, पीठ परातीत ओतलं, उकळतं पाणी घातलं. उन्मेषने आपणहून सगळं सांगितलं. शेजारीण काय म्हणाली ते, पाय धुतले ते, सासूचं आणि पोरीचं, दाराच्या चौकटीवर वाजणाऱ्या बोटांचं. अंगाऱ्याचंही त्याने लपवलं नाही.

“तिला बरं वाटलं, महाराज,” तो म्हणाला. “चेहरा उजळला तिचा. श्रद्धेने असं होतं. मेंदू शांत होतो, मग आवाजही थांबू शकतो. ते खरं सांगून काय झालं असतं? तो इतके दिवस जिवंत होता, वाजवत होता, आणि आपण उठलो, हे तिला आयुष्यभर पुरलं असतं. मी विचार केला… तिच्यासाठीच केला.”

महाराज पीठ मळत होते.

“रागावलात का?”

“भाकरी थापतोय. थापताना बोललं की चिरते.”

काळपट, जाड भाकरी तव्यावर फुगली. महाराजांनी ती निखाऱ्यावर उभी करून भाजली, राख झटकली, पळसाच्या पानावर ठेवली. समाधीपुढे पान नेऊन दाखवलं. मग ते उन्मेषसमोर येऊन बसले. पान दोघांच्या मध्ये होतं.

उन्मेषने हात जोडले. त्याचे हात कापत नव्हते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

महाराजांनी घास मोडला. तोंडापर्यंत नेला.

आणि थांबले.

“ती शेजारीण काय म्हणाली होती? परत सांग.”

“म्हणाली… तिचं डोकं फिरलंय.”

“सासू?”

“तीही तेच म्हणते.”

“आणि बाई स्वतः?”

“तिलाही तसंच वाटतं.”

महाराजांनी घास पानावर परत ठेवला. बोटं धोतराला पुसली.

“मग ही चालत नाही.”

“का?”

“वेड्याच्या हातची भिक्षा या मठात घेत नाहीत. माझ्या गुरूंच्या गुरूंपासूनचा नियम आहे. वेड्याला आपण काय देतोय ते कळत नसतं. त्याचं घेणं म्हणजे चोरी. मी पीठ बघितलं, माणूस विचारायला विसरलो. म्हातारा झालो.” त्यांनी पान उन्मेषकडे सरकवलं. “ऊठ. बाहेर कुत्रा असेल, त्याला घाल.”

उन्मेषने पानाकडे पाहिलं. भाकरीतून अजून वाफ येत होती. त्याला ते सूप आठवलं, सुपाच्या पाठीवर पडलेल्या थापट्या आठवल्या.

“महाराज, कुत्र्याला नको.”

“मग काय करू? ठेवून देऊ? नियम म्हणजे नियम.”

“तिने कळून दिलंय. सगळं घरातलं दिलंय.”

“वेडी माणसं देतात तसं. सोड. उद्या दुसरं दार सांगेन. तिथून आण, म्हणजे दीक्षा होईल. नाव पण ठरवून ठेवलंय तुझं.”

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. त्यांनी पान उचललं आणि ते दाराकडे वळले.

उन्मेषने त्यांचं मनगट धरलं. गुरूचं मनगट असं धरायचं नसतं, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

“ती वेडी नाही,” तो म्हणाला.

“कशावरून?”

महाराजांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“कशावरून, डॉक्टर? अख्खी वाडी म्हणते. सासू म्हणते. एक मोठा जाणकार तिच्या पाठीवर हात ठेवून सांगून गेलाय.”

उन्मेषचा हात कापायला लागला. मनगट सुटलं नाही, म्हणून महाराजांच्या हातातलं पानही कापू लागलं.

“तिने ऐकलं ते खरं होतं,” तो म्हणाला. “आवाज खरा होता. तो वाजवत होता, महाराज. तिने बरोबर ऐकलं. तिला काहीही झालेलं नाही.”

महाराजांनी पान सावकाश खाली ठेवलं.

“मग हे मला कशाला सांगतोस?”